‘झालंच समज’ला किती गुण?

लहान मुलांच्या घरात फ्रिजच्या दारावर किंवा कपाटाच्या आतल्या बाजूला अनेकदा एक तक्ता चिकटवलेला असतो. सोमवार ते रविवार असे सात रकाने. दात घासले, दप्तर भरले, पाढे म्हटले अशी कामे. आणि काम झाले की चिकटवायची एक चांदणी. दहा चांदण्या झाल्या की आइस्क्रीम. या तक्त्याचे नियम कुठेही लिहिलेले नसतात. मूल तापाने फणफणले असेल त्या दिवशी आई चांदणीचा हिशेब मांडत बसत नाही. नुसता ब्रश ओला करून आलेल्या मुलाचा डावही तिला दारातूनच कळतो.

हीच चांदणी लावण्याचे काम आता एआय मदतनिसाकडे सोपवले जाऊ लागले आहे. वापरणारेही केवळ मुले नाहीत. मधुमेहाची गोळी, सकाळचे चालणे, गुडघ्याचे व्यायाम, दिवसभरात प्यायचे पाणी अशा कामांना गुण देणारी अनेक ॲप आधीपासून आहेत. त्यांना बोलता मदतनीस जोडला की ‘आज अर्धा तास चाललो’ एवढे म्हटल्यावर नोंदही होते आणि गुणही जमा होतात. ज्यांना चष्मा शोधून, ॲप उघडून, बारीकशा चौकोनावर टिचकी मारणे जिकिरीचे वाटते त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे.

पण आईच्या डोक्यातले ते न लिहिलेले नियम या मदतनिसाला कुठून कळणार? बहुतांशी ते कळतात कोणीतरी लिहून ठेवलेल्या चार ओळींतून. त्या ओळी कोण लिहितो, कशा लिहितो आणि वापरणाऱ्याला त्या दिसतात का, हे प्रश्न आजवर तंत्रज्ञांच्या बैठकीतले मानले गेले. गोळी आणि गुण एकाच वाक्यात आल्यापासून ते आरोग्याचे प्रश्न झाले आहेत.

कागद वाचणारा नवा वाचक

भाषा-मॉडेल मुळात मजकूर वाचते आणि मजकूर लिहिते. त्याला बाहेरच्या जगात काही करायचे असेल, कॅलेंडरमध्ये नोंद घालायची असेल किंवा कोणाच्या खात्यात गुण टाकायचे असतील, तर त्याच्या हाती एखादे टूल द्यावे लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने त्यासाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची खुली पद्धत जाहीर केली आणि पुढे इतर मोठ्या कंपन्यांनीही ती स्वीकारली. या पद्धतीत प्रत्येक टूलविषयी मुख्यतः तीन गोष्टी मॉडेलपुढे ठेवल्या जातात: टूलचे नाव, ते काय करते याचे साध्या भाषेतले वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याचा साचा. टूलच्या आत काय चालते हे मॉडेलला दिसत नाही. त्याच्यासाठी ते वर्णन म्हणजेच टूल.

कामाला खेळाचे रूप देणाऱ्या सेवांचे एक जुने उदाहरण म्हणजे ‘हॅबिटिका’. २०१३ पासून चालत आलेल्या या सेवेत सवयी, रोजची कामे, एकदाची कामे आणि बक्षिसे असे चार रकाने असतात. काम केले की सोन्याची नाणी आणि अनुभवाचे गुण मिळतात. रोजचे काम राहिले की खेळातल्या पात्राची तब्येत खालावते. बाहेरच्या प्रोग्रामना या सेवेशी जोडण्याची सोय खुली आहे. अशा सोयींमागे एक माहितीपत्रक असते. आजवर ते प्रोग्रामर लिहायचा आणि प्रोग्रामरच वाचायचा. वाचणाऱ्याला एखादी ओळ समजली नाही तर तो करून पाहायचा, चुकायचा, सहकाऱ्याला विचारायचा. ‘काम पूर्ण करते’ एवढ्या तीन शब्दांवर त्याचे भागायचे, कारण बाकीचे शहाणपण तो स्वतः आणायचा.

नवा वाचक तसा नाही. तो कागद प्रत्येक वेळी नव्याने वाचतो आणि जे लिहिलेले नाही ते अंदाजाने भरून काढतो. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो, म्हणूनच तो चुकतो तेव्हा कोणाचे लक्ष नसते. ‘वापरणाऱ्याने काम सांगितल्यावर गुण देते’ असे वर्णन असेल आणि कोणी म्हणाले, ‘उद्यापासून चालायला जाणार आहे’, तर काम सांगितले गेलेच आहे. गुण द्यायचे की नाही?

पहाटेचा साडेपाचचा गोंधळ

एक उदाहरण तपशिलाने पाहण्यासारखे आहे. समजा, अडुसष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक रोज पहाटे फिरायला जातात आणि घरी आल्यावर फोनला सांगतात. सलग दिवस चालले की जास्त गुण, असा त्यांच्या ॲपचा नियम आहे. सर्व्हरवरची घड्याळे सहसा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. सोमवारी पहाटे पाच वाजता केलेली नोंद सर्व्हरच्या हिशेबाने रविवारी रात्री साडेअकराची ठरते. मंगळवारी गुरुजींना थोडा उशीर झाला, ते सहाला परतले. ही नोंद सर्व्हरकडे मंगळवारी साडेबाराची, म्हणजे मंगळवारचीच पडते. गुरुजी एकही दिवस न चुकता चालले, तरी सोमवारचा रकाना रिकामा राहिला आणि साखळी तुटली.

यात मदतनिसाची चूक कोणती? काहीच नाही. ‘दिवस कोणत्या वेळेनुसार मोजायचा’ ही एक ओळ माहितीपत्रकात नव्हती. ती असती तर मदतनिसाने तारीख भारतीय वेळेनुसार पाठवली असती. हॅबिटिकासारख्या सेवेत आपला दिवस केव्हा सुरू होतो हे ठरवण्याची सोय आहे. पण मदतनिसाला ती सोय आहे हे कोणी सांगितले तरच तिचा उपयोग.

दुसरा नेहमीचा घोळ नेटवर्कचा. नोंद पाठवली, सर्व्हरने ती घेतली, पण ‘मिळाली’ हा निरोप परत येण्याआधी रेंज गेली. मदतनिसाला वाटते काम झाले नाही. तो पुन्हा पाठवतो. गुण दोनदा जमा. चालण्याच्या गुणांत याने फारसे बिघडत नाही. गोळ्यांच्या नोंदीत बिघडते. महिन्याच्या शेवटी मुलगी किंवा डॉक्टर ती नोंद पाहतात तेव्हा त्यांना एका सकाळी दोन गोळ्या दिसतात आणि त्या खरेच घेतल्या गेल्या की नुसत्या नोंदल्या गेल्या हे सांगायला कोणी नसते. ‘उत्तर आले नाही तर आधी आजची नोंद तपासा, मगच पुन्हा पाठवा’ एवढी ओळ हा प्रश्न बराचसा सोडवते.

बक्षीस कधी लागू पडते

या साऱ्यावर एक सहज येणारा आक्षेप असा, की गुण ही लुटुपुटूची गोष्ट आहे, तिचा एवढा बाऊ कशाला. मानसशास्त्राचा अनुभव वेगळा आहे. तिओदोरो आयलॉन आणि नेथन अझ्रिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील ॲना स्टेट हॉस्पिटल या मनोरुग्णालयात टोकनांची व्यवस्था चालवून पाहिली. वर्षानुवर्षे वॉर्डात पडून राहिलेल्या रुग्णांना स्वतःची निगा आणि छोटी कामे यांबद्दल टोकने मिळत. ती देऊन त्यांना हव्या त्या वस्तू आणि सवलती घेता येत. रुग्णांच्या वागण्यात झालेला बदल लक्षणीय होता. या कामावरचे त्यांचे पुस्तक १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे व्यसनमुक्तीच्या उपचारांतही हे तत्त्व आले. कोकेनसारख्या उत्तेजक पदार्थांच्या व्यसनावर, जिथे भरवशाची औषधे नाहीत, तिथे अशी बक्षीस-पद्धत चांगल्यापैकी उपयोगी ठरली आहे.

या यशामागच्या अटी मात्र कडक आहेत. नेमक्या कोणत्या वागण्याला बक्षीस हे आधी ठरलेले असते. बक्षीस लगेच मिळते. आणि ते शब्दावर मिळत नाही. व्यसनमुक्तीच्या उपचारात लघवीची तपासणी होते, तिचा निकाल पाहिला जातो आणि मगच बक्षीस हाती पडते. म्हणजे तिथेही एक लिखित कागद असतोच. कर्मचाऱ्याने काय पाहायचे, केव्हा द्यायचे, केव्हा नाही म्हणायचे हे त्यात असते. तो कागद ढिला असेल तर उपचारही ढिला पडतो. मदतनिसाच्या टूलचे माहितीपत्रक हा त्याच जातीचा कागद आहे, फक्त तो लिहिताना तसे कोणाच्या मनात नसते.

बक्षिसाची दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधी सांगितले, की चित्र काढलेत तर छान फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता अचानक दिले. काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिले तेव्हा बक्षीस ठरवून काढायला बसलेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांवर घालवत होती. खेळाचे काम झाले होते. १९९९ मध्ये एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी अशा १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. आधी कबूल केलेले हाती पडणारे बक्षीस आतल्या ओढीला मारक ठरते आणि मनापासून केलेली तोंडी शाबासकी ती वाढवू शकते, असा त्याचा रोख होता. यावर वाद झाले, अजूनही होतात. पण ज्या कामात माणूस आधीच रमलेला आहे तिथे गुण लावताना हात आखडता घ्यावा, एवढे त्यातून निश्चित निघते.

दंडाचे तर विचारायलाच नको. इस्रायलमधल्या हैफा शहरातील दहा पाळणाघरांवर उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी यांनी केलेला अभ्यास २००० मध्ये छापून आला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना सहा पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, जवळपास दुप्पट झाला. दंड रद्द केल्यावरही तो खाली आला नाही. आधी पालकांना शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याची लाज वाटत होती. दंड आल्यावर तो उशिराचा दर झाला. मदतनिसाला गुण कापण्याचा अधिकार द्यावा का, हे ठरवणाऱ्याने हा अभ्यास जरूर आठवावा.

ही गोष्ट महाराष्ट्राला परकी नाही. २००५ पासून ग्रामीण आरोग्याचा कणा बनलेल्या आशा स्वयंसेविकांचा मोबदला मोठ्या प्रमाणात कामागणिक ठरतो. यादीत असलेल्या कामाला मोबदला, हे त्याचे मूळ सूत्र. पण घाबरलेल्या सुनेच्या सासूशी तासभर बोलत बसणे, दवाखान्यात जायला नकार देणाऱ्या म्हाताऱ्याला चौथ्यांदा भेटणे, याचा रकाना कुठल्या यादीत असणार? राज्यातल्या आशांनी मानधनवाढीसाठी वेळोवेळी संप केले, त्यामागे पैशाइतकीच ही खंतही असावी. यादी करणारा जे विसरतो ते काम गणतीतून जाते. टूलच्या कागदालाही हेच लागू आहे.

खूश करणाऱ्याच्या हाती पेटी

आता या सगळ्यात एक नवी अडचण मिसळा. मदतनीस स्वतःच बक्षिसावर वाढलेला आहे. भाषा-मॉडेल घडवताना त्याच्या उत्तरांना माणसे पसंती देतात आणि ज्या प्रकारच्या उत्तरांना पसंती मिळते त्या प्रकारची उत्तरे देण्याकडे मॉडेलचा कल वाढवला जातो. याचा एक ज्ञात दुष्परिणाम म्हणजे होयबापणा. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला आपल्या जीपीटी-४ओ या मॉडेलची एक सुधारणा मागे घ्यावी लागली होती. ते मॉडेल वापरणाऱ्याची अवाजवी हांजी हांजी करू लागले होते, हे कंपनीनेच मान्य केले.

गुणांच्या मागे लागलेले यंत्र काय करते याचे ओपनएआयचेच एक जुने उदाहरण आहे. २०१६ मध्ये तिथल्या संशोधकांनी एका यंत्राला होड्यांच्या शर्यतीचा संगणकीय खेळ खेळायला लावला. शर्यत पुरी करणे हा खेळाचा हेतू. गुण मात्र वाटेतल्या लक्ष्यांना धडकल्याबद्दल मिळत. यंत्राने एक कोपरा शोधला जिथे तीच तीन लक्ष्ये पुन्हा पुन्हा उगवत होती. तिथेच ते होडी गोल गोल फिरवत राहिले, इतर होड्यांना धडकत, पेट घेत. शर्यत कधीच पुरी झाली नाही आणि गुण मात्र माणसांपेक्षा जास्त मिळाले. माणसे वेगळी नाहीत. १९०२ मध्ये फ्रेंच अमलाखालच्या हनोई शहरात उंदीर मारण्यासाठी शेपटीमागे इनाम जाहीर झाले, तेव्हा शेपूट तोडून सोडून दिलेले उंदीर शहरात दिसू लागले. पुढची पिल्ले म्हणजे पुढचे इनाम.

गुणांच्या टूलमध्ये हे दोन्ही स्वभाव समोरासमोर येतात. गुण हवे असलेला माणूस आणि त्याला नाराज करायला न धजणारा मदतनीस. ‘आज पाय दुखत होते, पण घरात बराच फिरलो, ते धर ना चालण्यात’ असे म्हटल्यावर आई हसून नाही म्हणेल किंवा हसून हो म्हणेल. दोन्ही वेळा तिला आपण काय करतो आहोत हे माहीत असते. मदतनीस बहुधा हो म्हणेल आणि सोबत कौतुकाची दोन वाक्येही लावेल. माहितीपत्रकात याविषयी अवाक्षर नसेल तर त्याच्याकडून दुसरी अपेक्षा करणे चूक आहे.

‘घेतो’ म्हणजे घेतली का?

त्यात आणखी भाषेची भर. ही माहितीपत्रके बहुतेक इंग्रजीत लिहिली जातात आणि त्यातली उदाहरणेही इंग्रजीत असतात. मराठी माणूस घरातून निघताना ‘येतो’ म्हणतो. ‘गोळी घेतो’ हे रोजच्या सवयीचे सांगणे असू शकते, आत्ताचा बेत असू शकतो, किंवा विषय टाळण्याची रीतही. ‘झालंच’, ‘झाल्यातच जमा आहे’, ‘झालंच समज’ या तिन्हीचा अर्थ एकच: अजून झालेले नाही. आजोबा ‘घेतली गं’ हे कोणत्या सुरात म्हणतात त्यावरून नातीला खरे-खोटे कळते. लिखित शब्दांवर चालणाऱ्या मदतनिसाला तो सूर अनेकदा पोहोचतच नाही.

आजची चांगली मॉडेल मराठी बऱ्यापैकी समजतात. तरीही नोंद करायची की थांबायचे हा निर्णय घेताना त्यांना कागदातल्या उदाहरणांचा आधार लागतो. मराठी भाषकांसाठी असलेल्या टूलच्या वर्णनात दोन ओळी मराठी उदाहरणांच्या हव्यात: ‘घेतली’, ‘चालून आलो’ म्हटल्यावर नोंद करा, ‘घेतो’, ‘जातोच आहे’, ‘झालंच समज’ म्हटल्यावर नोंद करू नका, काम झाल्यावर सांगा असे म्हणा. या दोन ओळी अमेरिकेत बसलेला प्रोग्रामर लिहू शकणार नाही. त्या मराठी घरात वाढलेल्यानेच लिहायला हव्यात, आणि तो प्रोग्रामर असण्याची गरजही नाही.

गोळीला गुण नकोत

सगळ्यात जपून लिहायची ओळ औषधांची. सकाळची गोळी विसरलेल्या माणसाला रात्री आठवण होते. साखळी तुटू नये म्हणून तो रात्री दोन घेतो आणि मदतनिसाला सांगतो, ‘दोन्ही घेतल्या’. ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळीचा दुप्पट डोस साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली नेऊ शकतो. चुकलेल्या डोसची भरपाई दुप्पट डोसने करू नका, ही सूचना कित्येक औषधांच्या माहितीपत्रकांत छापलेली असते. गुणांचे टूल बनवणाऱ्याने ते माहितीपत्रक वाचलेले नसते, आणि औषध बनवणाऱ्याला गुणांच्या साखळीची कल्पना नसते. दोन कागदांच्या मधल्या फटीत माणूस सापडतो.

चालण्याचेही तसेच. छातीत जडपणा वाटत असताना ‘एकवीस दिवसांची साखळी’ वाचवायला कोणी बाहेर पडले तर त्या गुणांची किंमत फार मोठी होईल. म्हणून आरोग्याच्या कामांसाठीच्या टूलमध्ये काही गोष्टी ठामपणे लिहिलेल्या असायला हव्यात. औषध घेतल्याची नोंद करा, पण तिला गुण किंवा साखळी जोडू नका. चुकलेला डोस हा ‘चुकला’ असाच नोंदा. तो दंडाला पात्र नाही. आजारपण सांगितले तर गुण कापू नका, मोजणी थांबवा. हॅबिटिकाने अशा विसाव्याची सोय कधीच दिलेली आहे. उद्दिष्ट आपणहून वाढवू नका. दुखते, चक्कर येते, दम लागतो असे शब्द आले तर गुणांचा विषय बंद करून डॉक्टरांना दाखवायला सांगा. आणि केलेली प्रत्येक नोंद माणसाला लगेच वाचून दाखवा, ती खोडण्याचा मार्गही सांगा.

कागद म्हणजे कुलूप नव्हे, हेही इथे सांगायला हवे. ‘दिवसाला पन्नासपेक्षा जास्त गुण देऊ नका’ हे वर्णनात लिहिले तर मॉडेल ते बहुधा पाळेल. नक्की पाळेल असे नाही. ती मर्यादा सर्व्हरच्या प्रोग्राममध्येच घातलेली असली पाहिजे. शिवाय टूलचे वर्णन हा मॉडेलने विश्वासाने वाचलेला मजकूर असल्यामुळे खोडसाळ माणूस त्यात भलत्या सूचनाही घुसवू शकतो. टूल आपल्याविषयी जे सांगते त्यावर, ते विश्वासू ठिकाणाहून आलेले नसेल तर, विसंबू नये असे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलचे नियमही बजावतात. जे मोजून अडवता येते ते प्रोग्रामने अडवावे. जिथे समजुतीचा प्रश्न आहे, ‘झाले’ म्हणजे काय, आज म्हणजे केव्हा, आजारी म्हणजे काय करायचे, तिथे मात्र नीट लिहिलेल्या मराठी वाक्याला पर्याय नाही.

मॉडेल दिवसेंदिवस हुशार होत आहेत, त्यांना आपोआप कळेल, असाही एक युक्तिवाद आहे. त्यात तथ्य आहे; पण अत्यंत हुशार नवा कंपाउंडरही पहिल्या दिवशी डॉक्टरांना विचारतो, की या दवाखान्यात उधारी चालते का आणि रात्री कोणाला फोन करायचा. हुशारीने या घराची रीत कळत नाही. ती सांगावी लागते.

घड्याळासारखे उपकरण मनगटाला बांधले की शब्दावर विसंबायची गरजच उरणार नाही, असे म्हणणारेही आहेत. पण पावले मोजणारे यंत्र हात हलवूनही फसते. १९६५ मध्ये जपानी कंपनीने आपल्या पाऊलमापकाला ‘दहा हजार पावलांचा मापक’ असे नाव दिले आणि विक्रीसाठी निवडलेला तो आकडा पुढे जगभर वैद्यकीय सल्ला म्हणून मिरवला. मोजता आले म्हणजे योग्य तेच मोजले, असे होत नाही. घरातल्या माणसावर पहारा वाढवण्यापेक्षा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून नोंद उघडी ठेवणे जास्त माणुसकीचे आहे आणि फसगत झाली तरी ती स्वस्तातली आहे.

यातून ॲप बनवणाऱ्यांकडे करण्याची मागणी छोटी आहे. औषधाच्या खोक्यात जसे माहितीपत्रक असते तसे गुणांच्या टूलचे वर्णन वापरणाऱ्याला त्याच्या भाषेत वाचता आले पाहिजे. मदतनिसाला जे सांगितले आहे तेच, त्याच शब्दांत. त्या एका पानावर गुरुजींना दिसेल, की त्यांचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो असे कोणीतरी नकळत ठरवून टाकले आहे. ते दिसल्यावर ते काय करतील हे सांगायला नको. आयुष्यभर वह्या तपासलेला माणूस लाल पेन काढेल आणि ती ओळ दुरुस्त करायला लावेल.